फुंकर माणसाची, सूर कुणाचा?

तुमच्या घरात शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारं कुणी असेल, तर रात्रीचा सराव आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी मारलेली थाप, दोन्ही तुमच्या ओळखीची असतील. मग कुणीतरी सुचवतं, ‘ईवी’ घ्या. हेडफोन लावून पोर हवं तेवढं फुंकेल आणि घरात शांतता राहील. खरं आहे ते. पण या वाद्याकडे निव्वळ शेजारधर्माची सोय म्हणून पाहू नका. त्याच्यामागे पन्नासहून अधिक वर्षांची धडपड आहे, आणि एक जुना वादही: सूर यंत्रातून निघाला, तर तो वाजवणाऱ्याचा म्हणायचा का?

सुरुवात झाली ती सॅक्सोफोनलाच वीज जोडून. १९६५च्या सुमारास सेल्मर या नामांकित कंपनीने ‘व्हॅरिटोन’ नावाची जोडणी काढली. एडी हॅरिसने ती उचलली आणि ‘लिसन हिअर’ या त्याच्या रचनेने जॅझच्या बाहेरचा श्रोताही मिळवला. पण तिथे मूळ आवाज पत्तीच्या कंपनाचाच होता. वीज त्याला फक्त रंग चढवत होती.

खरी अडचण सिंथेसायझर आल्यावर कळली. त्याला पट्ट्या पियानोच्या होत्या. पट्टी दाबली की सूर निघे, पण निघालेल्या सुराला नंतर फुलवायचं कसं? फुंकवाद्य वाजवणाऱ्याचं सारं कसब तर सूर लागल्यानंतरच सुरू होतं. तो श्वासाने सूर वाढवतो, दाबतो, थरथरवतो, अर्ध्यावर सोडून देतो. मॅसॅच्युसेट्समधल्या बिल बर्नार्डीने १९७०च्या दशकात ‘लिरिकॉन’ आणलं ते यासाठी. त्यात श्वासाचा आणि ओठांचा दाब मोजून सिंथेसायझरला कळवला जाई. टॉम स्कॉटने ते स्टीली डॅनच्या ‘पेग’ (१९७७) मध्ये वाजवलं, आणि मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’मध्येही. म्हणजे नाव माहीत नसेल, तरी हे वाद्य तुम्ही नक्की ऐकलेलं आहे! ते बनवणारी कंपनी मात्र फार काळ टिकली नाही.

त्याच काळात युटामध्ये नाइल स्टाइनर हा ट्रम्पेटवादक वेगळ्या वाटेने निघाला होता. त्याने आधी ट्रम्पेटवाल्यांसाठी ‘ईव्हीआय’ केलं, मग सॅक्सोफोनवाल्यांसाठी ‘ईवी’. ईवीच्या कळा हलतच नाहीत. बोट टेकलं की वाद्याला कळतं. डाव्या अंगठ्याखाली छोटे रूळ असतात. अंगठा सरकवला की सप्तक बदलतं. सॅक्सोफोनवर वर्षानुवर्षं घडवलेला हात इथे आधी फसतो, कारण सवयीने कळांवर विसावणारं बोटही सूर बदलून टाकतं. १९८३मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांची भाषा बोलू लागली. १९८७मध्ये अकाईने स्टाइनरचं वाद्य बाजारात आणलं. त्याच वर्षी यामाहाचं ‘डब्ल्यूएक्स-७’ही आलं.

या वाद्याला जॅझमध्ये मान मिळवून दिला मायकल ब्रेकरने. टेनर सॅक्सोफोनवर त्याची आधीच हुकमत होती, त्यामुळे ‘खरं वाद्य जमत नाही म्हणून हे’ असं त्याला म्हणायची सोय नव्हती. ‘स्टेप्स अहेड’च्या १९८६च्या टोकियोतल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. ड्यूक एलिंग्टनची ‘इन अ सेंटिमेंटल मूड’ ही १९३५ची चीज तो ईवीवर एकटा वाजवतो. एका फुंकरीतून सुरांचे थरच्या थर उभे राहतात, जणू पूर्ण वाद्यवृंद एका माणसाच्या छातीतून श्वास घेतोय. आणि तरी वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, हे सगळं ब्रेकरचंच आहे.

अर्थात हे सगळ्यांना पटलं नाही. त्याच दशकात विंटन मार्सालिससारखे तरुण वादक विजेविना वाजणाऱ्या जॅझच्या परंपरेकडे परतण्याचा आग्रह धरत होते. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. सॅक्सोफोनवादक पाच-दहा वर्षं झगडतो तेव्हा त्याचा स्वतःचा ‘टोन’ तयार होतो. इथे तो एक बटण दाबून बदलता येतो. मग ओळख उरली कुठे?

आपल्याला हा वाद नवा नाही. पेटी आठवा. परदेशातून आलेली, मींड न निघणारी म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये तिला बंदी केली. ती उठायला, तीही अटींसह, १९७१ उजाडलं. दरम्यान आपली संगीत नाटकं आणि भजनं तिच्याशिवाय उभी राहत नव्हती. पेटीचे स्वर कारखान्यातच ठरलेले असतात, पण गोविंदराव टेंब्यांची पेटी त्यांच्याच नावाने ओळखली गेली. कारण ओळख नुसत्या आवाजात नसते, ती वाजवणाऱ्याच्या निवडीत असते.

आणखी एक नाव सांगतो. १९२४मध्ये जन्मलेला मार्शल ॲलन. सन रा यांच्या ‘आर्केस्ट्रा’चा ऑल्टो सॅक्सोफोनवादक आणि १९९५पासून त्याचा प्रमुख. तो ईव्हीआयही वाजवतो. शंभरी गाठलेला हा माणूस त्या वाद्यातून शिट्ट्या, किंकाळ्या, अवकाशातून आल्यासारखे आवाज काढतो, आणि दोन क्षणांत तुम्हाला कळतं की हा मार्शल ॲलनच.

तेव्हा तुमच्या घरातलं पोर हेडफोन लावून फुंकत बसलं असेल, तर एखाद्या संध्याकाळी ते हेडफोन काढायला सांगा आणि ऐका. शेजाऱ्यांचं नंतर पाहू. कुठला आवाज निवडलाय, हे विचारू नका. श्वास कुठे घेतोय, तेवढं बघा.