गाभ्यातला खडखडाट

चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रातल्या गोंगाटाचा माग काढायचा, तर आपल्याला १९१९ सालच्या जर्मनीत जावे लागते. हाइनरिश बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालून ते विवर्धकाला जोडले आणि चुंबकन सावकाश बदलले. ते संथपणे वाढायला हवे होते. ऐकू आला तो खडखडाट. लोखंडातल्या सूक्ष्म चुंबकी प्रदेशांच्या सीमा अशुद्धींपाशी अडकतात आणि सुटताना झटके देतात, हे आज आपण जाणतो.

१९३६ मध्ये आशेनब्रेनर आणि गौबाउ यांनी फ्लक्सगेट मापकाचा पाया घातला आणि हे झटके अडचणीचे झाले. या मापकात चुंबकी धातूचा गाभा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट संपृक्त करतात. सीमा दर खेपेला जराशा वेगळ्या सरकल्या, की तो फरकही क्षेत्र म्हणूनच नोंदला जातो. बाहेरचा गोंगाट टाळता येतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय वेध अलिबागला नेलेच होते. गाभ्यापासून पळून जाणार कुठे?

उपाय मात्र आधीच निघाला होता, तोही दूरध्वनीवाल्यांच्या प्रयोगशाळेत. गुस्टाफ एल्मेन यांचा पर्मलॉय, म्हणजे सुमारे ८० टक्के निकेल आणि उरलेले लोखंड, १९२४ मध्ये समुद्री तारायंत्राच्या केबलीत गेला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकणाऱ्या विमानी फ्लक्सगेटमध्येही असाच सहज चुंबकित होणारा मिश्रधातू होता. पुढे अमेरिकी नौदल ८१ टक्के निकेल आणि ६ टक्के मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूपर्यंत पोहोचले. या प्रमाणात चुंबकनाने धातूची लांबी जवळपास बदलत नाही, त्यामुळे ताणापायी सीमा अडखळत नाहीत. मॉलिब्डेनम विद्युतरोध वाढवून भोवरी प्रवाह आवरतो. पातळ पट्टीचे कडे करून ते भट्टीत तापवले, की गाभा शांत होई. माझ्या मते या साऱ्या इतिहासात खरी कसोटी या भट्टीचीच आहे.

मग आली काचेसारखी स्फटिकहीन धातूची पट्टी. स्फटिककणच नाहीत, म्हणजे सीमांना अडकायला कणांच्या कडाही नाहीत. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या ‘ऑर्स्टेड’ उपग्रहाने असेच गाभे अवकाशात नेले. तरी जुन्या पर्मलॉय गाभ्यांची मागणी सरली नाही, त्यांचा साठा मात्र सरत आला. अखेर कॅनडा व अमेरिकेतल्या संशोधकांनी धातूंच्या भुकटीपासून आरंभ करून ते गाभे नव्याने घडवले आणि २०१९ मध्ये त्याची कृती छापली.