तापाचा रकाना आणि रक्तातली नोंद

समजा, तुमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि सव्वाशे वर्षांपूर्वी तिथली माणसं कशाने दगावत होती हे तुम्हाला शोधायचंय. तर वऱ्हाडाचे इंग्रजकालीन आरोग्य अहवाल बघा. (1905 पर्यंत जिल्ह्याचं नाव 'वणी' होतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर सापडायचा नाही.) मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच: पटकी, देवी, हगवण, इजा, ताप आणि इतर. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारणपणे सगळ्यात फुगलेला रकाना तापाचा.

मग हे सगळे मलेरियाचेच बळी का? तसं म्हणता येत नाही. नोंद गावातून यायची आणि ती करणाऱ्याला वैद्यकाचं शिक्षण नसायचं. अंग तापून माणूस गेला की 'ताप'. त्यात न्यूमोनिया आला, विषमज्वर आला, 1918 च्या साथीतले इन्फ्लुएन्झाचे कितीतरी मृत्यूही आले. मलेरिया डासातून पसरतो याचा धागाच मुळी 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत सापडला. त्याआधीच्या कागदावर हिवताप वेगळा काढणं फार अवघड.

पण आणखी एक नोंद आहे, ती कागदावर नाही. ती आहे रक्तात.

सिकलसेल हा शब्द विदर्भात बहुतेकांनी ऐकलेला असतो. हिमोग्लोबिनच्या जनुकातला हा एक छोटासा बदल. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस 'वाहक' होतो. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट फाल्सिपेरम जातीच्या जीवघेण्या मलेरियापासून बराच बचाव मिळतो. ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. दोन्ही पालकांकडून आला तर मात्र आजार होतो: लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं.

आता हे इतिहासाच्या नजरेने वाचा. विदर्भात सिकलसेल गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आढळतो, तसाच अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांतही. जनुक असा टिकून राहतो, याचा अर्थ पूर्वजांच्या कित्येक पिढ्यांत लहान मुलं मलेरियाने जात होती आणि वाहक मुलं त्यातून जास्त वाचत होती. त्या मुलांची नावं कुठल्याच रकान्यात नाहीत.

पुढे 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला, घराघरात डीडीटी फवारलं गेलं. 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले, 1976 मध्ये पुन्हा 64 लाखांवर गेले, नंतर परत कमी झाले. फवारणीने डास मरतो, जनुक जात नाही. मलेरिया ओसरला तसा बचावाचा उपयोग घटला, किंमत मात्र आजच्या मुलांना मोजावी लागते.

म्हणून 'त्यांच्या रक्तातच खोट आहे' असं कुणी म्हणालं, किंवा कार्ड बघून सोयरीक मोडली, तर हा इतिहास सांगा. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यामुळे लग्नाआधी रक्त तपासून घ्या. लाज वाटून न घेता, दोन्हीकडच्यांनी.