जटेचं मूळ, जटेचं कूळ

नेकनूर हे बीड जिल्ह्यातलं, मांजरसुंबा-केज रस्त्यावरचं बाजाराचं गाव. दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली बिऱ्हाडं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. या कामात केस कसे असावेत याचा नियम कुणी लिहिलेला नाही, पण ज्या बाईच्या डोक्यात जट आहे तिच्यासाठी मोळी हाच नियम होतो. जटेवर चुंबळ नीट बसत नाही, घाम आत मुरतो, आणि फडातल्या कोपीवर न्हायला पुरेसं पाणी नसतं.

ही जट तिच्या डोक्यावर आली कुठून?

मूळ शोधायला लागलं की आधी पुरुषच भेटतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात लांब केसांच्या मुनीचं, केशीचं, सूक्त आहे. बीड जिल्ह्यातच परळीला वैजनाथ आहे, आणि गंगा जटेत धरणारा शंकर घरोघरच्या तसबिरीत आहे. बुद्धांच्या काळात गयेजवळ उरुवेलेला जटिल नावाचे अग्निपूजक तापस राहत. काश्यप बंधू त्यांचे प्रमुख. त्यांनी शिष्यांसह बुद्धांची दीक्षा घेतली तेव्हा जटा उतरवून नदीत सोडल्या, असं विनयपिटक सांगतं. जटा ठेवणं आणि उतरवणं, दोन्ही त्यांच्या मर्जीचं होतं. मला या कुळकथेत हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

बाईच्या वाट्याला ही मर्जी आली नाही. आपल्याकडे तिच्या केसांत गुंता झाला की "देवी आली" म्हणतात, आणि ती देवी बहुधा बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीची यल्लमा असते. मग जटेला भंडारा लावायचा, फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. कापली तर घरावर अरिष्ट येईल, ही भीती. मुलगी लहान असेल तर तिला देवीला सोडायचं, हातात परडी द्यायची, जोगवा मागायला लावायचं. मरीआईच्या पोतराजालाही केस कापायची मुभा नव्हती. ते केसही नवसाचेच, घराण्यानं ठरवलेले. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा 1934 साली झाला, पण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे त्या काळी तो इथल्या पोरींपर्यंत पोचला नाही. कर्नाटकानं 1982 साली कायदा केला, महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा 2005 सालचा.

जट होते कशी, यात गूढ काहीच नाही. डोक्यावरचे पन्नास-शंभर केस रोज गळतात आणि फणीबरोबर निघून जातात. बाळंतपण, लांबलेलं आजारपण, मनावरचा आघात अशा काळात विंचरणं थांबलं की गळलेले केस जिवंत केसांत अडकतात. त्यात तेल, धूळ, घाम, हळद-कुंकू बसतं आणि नमदा तयार होतो. तो पहिल्या आठवड्यात तेल लावून बोटांनी सुटतो. घरचे मात्र त्याच आठवड्यात घाबरतात, आणि पुढं वर्षानुवर्षं उवा, खाज, वास आणि ओझ्यानं आखडलेली मान. पोलंडमध्येही हेच होतं. अशी जट कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो असं तिथले लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी ही समजूत खोडून काढायला मोहीम उघडली. आपल्याकडे हे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतलं. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचा मूळ व्यवसाय ब्यूटी पार्लरचा. त्यांनी दोनशेहून अधिक बायकांची जट स्वतःच्या हातानं सोडवली आहे. कात्री चालते थोडा वेळ, बाईला आणि तिच्या घरच्यांना समजावण्यात मात्र कितीतरी खेपा जातात.

याच जटेचं एक कूळ समुद्रापार आहे. जमैकात 1930 च्या दशकात उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथानं ती अभिमानानं धारण केली. पुढं अनेक काळ्या स्त्री-पुरुषांनी आपल्या कुरळ्या केसांना शोभणारी रचना म्हणून ती ठेवली. ती निगुतीनं सांभाळावी लागते. नियमित धुवायची, आतपर्यंत पूर्ण वाळवायची, मुळाशी एकमेकींत गुंतू पाहणाऱ्या बटा बोटांनी वेगळ्या करायच्या, नवा वाढलेला केस पिळून बसवायचा, पण टाळू ओढली जाईल इतका घट्ट नाही. तरीही अमेरिकेतल्या अलाबामात 2010 साली एका तरुणीला देऊ केलेली फोनवर बोलण्याची नोकरी जटा कापायला नकार दिल्यामुळे परत घेतली गेली, आणि 2016 साली अपील न्यायालयानंही कंपनीचीच बाजू उचलून धरली. अमेरिकी लष्करानं स्त्री सैनिकांना अशा जटांची परवानगी 2017 साली दिली. केसांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 2019 साली अमेरिकी राज्यांत कॅलिफोर्नियानं सगळ्यांत आधी केला. आपल्या देशात अशा हुकमांनी रक्तही सांडलंय. कवायतीवर गंध लावू नका, दाढी उतरवा, नवी पगडी घाला, या फर्मानानंतर 1806 च्या जुलैमध्ये वेल्लोरच्या शिपायांनी बंड केलं.

यंत्रात अडकतील किंवा रुग्णाच्या जखमेवर पडतील असे केस बांधायला सांगणं रास्तच आहे. केस स्वच्छ आहेत का, बांधलेले आहेत का, एवढंच मालकानं बघावं. त्यांचा आकार हा त्याचा विषय नाही. देवीच्या नावानं ती जट बाईवर लादणाऱ्या घरालाही तो अधिकार नाही.

नेकनूरच्या आसपास कुणा लेकीसुनेच्या केसांत गुंता दिसला तर देवऋष्याकडे जाऊ नका. खोबरेल तेल लावा, बोटांनी सोडवा, सुटला नाही तर तिला विचारून कापा. आणि ती कामावर निघायच्या आत कापा.