नदीची वारी

दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवत, वरवंडवरून पुढे जाते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला.

देहूची इंद्रायणी मात्र बारा महिने पंढरपूरकडे निघालेली असते. तुळापूरला ती भीमेला मिळते. पुढे रांजणगाव सांडसजवळ पुण्याची मुळा-मुठाही भीमेत येते. शिरूर-दौंडच्या सीमेवरून भीमा उजनी धरणाकडे जाते. हीच पंढरपूरची चंद्रभागा.

वाहते पाणी शुद्ध होते, असे आपले पूर्वज मानत. हा अनुभव खोटा नव्हता. पाण्यातले जीवाणू घाण कुजवतात. त्यासाठी विरघळलेला प्राणवायू वापरतात. वाहत्या पाण्यात तो हवेतून पुन्हा मिसळतो. पण प्राणवायू मिसळण्यापेक्षा खर्च वेगाने होऊ लागला, की नदी हरते. पुणे वाढले. शहराने खडकवासल्याचे स्वच्छ पाणी घेतले आणि नदीला सांडपाणी दिले. त्यातले बरेचसे प्रक्रियेविनाच गेले. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला, तरी हे थांबले नाही. त्याचा भार काठच्या गावांवर पडला.

नदीला तीर्थ म्हणणारे आपण तिच्यात घाण सोडतो, कारण पावित्र्य आणि स्वच्छता या गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या. वारीत मात्र माणसे एकमेकांच्या पाया पडतात. तिथे लहानथोर नसते. हीच समता नदीला लावली, तर खालच्या गावाचे पाणी ही वरच्या गावाची जबाबदारी ठरते.

वर्गात भीमेचा नकाशा काढू या आणि विचारू या: आपल्या मोरीतले पाणी कोणाच्या घाटावर पोचते?