ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन

देवळाच्या भिंतीवर पायाभरणी करणाऱ्या धर्मगुरूचें नांव कोरलेलें असतें, घंटा अर्पण करणाऱ्याचें नांव घंटेवर उमटलेलें असतें, आणि जुन्या नोंदवह्यांतून बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या तारखा सांपडतात. परंतु ज्यानें आपल्या वाद्यानें लोकांचीं मनें हलविलीं, त्याचें नांव कोठें लिहिलेलें असतें? सूर हवेंत उठतो आणि हवेंतच विरून जातो. म्हणून ज्युबिलीच्या ह्या अंकांत इतर थोर पुरुषांच्या स्मरणाबरोबर एका वादकाचें आणि त्याच्या थोड्याशा ध्वनिमुद्रिकांचें स्मरण करावें असें योजिलें आहे. हे वादक म्हणजे गोव्यांतील नेवरा गांवचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस होत.

सॅक्सोफोन हें वाद्य तसें वयानें लहान. बेल्जममधील दिनां गांवीं जन्मलेल्या अडोल्फ साक्स नांवाच्या कारागिरानें तें बनविलें आणि १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचा हक्क नोंदविला. त्याचें अंग पितळेचें, पण मुखाशीं बोरूची पातळ पट्टी. म्हणून पितळी असूनहि त्याची गणना क्लॅरिनेटच्या घराण्यांत होते. ओठांच्या दाबानें त्याचा सूर किंचित् खालींवर वांकवितां येतो, आणि मनुष्याच्या कंठाप्रमाणें विनवणी, हुंदका व हास्य हीं सारीं त्यांतून काढतां येतात. प्रथम तें लष्करी बँडांत शिरलें. पुढें अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादकांच्या हातीं गेलें, आणि जाझ म्हटलें कीं सॅक्सोफोन आठवावा इतकें त्या संगीताशीं तें एकजीव झालें. वसई व साष्टी भागांतील आमच्या लग्नाच्या बँडांतून हा आवाज पुष्कळांनीं लहानपणींच ऐकला असेल.

हें पाश्चात्य वाद्य गोव्याच्या मुलांस इतकें सहज कसें वश झालें, ह्याचें उत्तर देवळाजवळच्या शाळेंत आहे. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील पारिशांतून संगीताची शाळा चालत असे. तेथला मेस्त्र कापेल मुलांना स्वरलिपि वाचण्यास, गाण्यास व व्हायोलिन धरण्यास शिकवी. मूल अक्षरें गिरवूं लागे त्याच सुमारास स्वरहि वाचूं लागे. शेतांतील उत्पन्नावर घर चालेना, तेव्हां हीच विद्या गांठीं बांधून ते तरुण मुंबई, कलकत्ता, कराची येथपर्यंत गेले. बोटीवरचा बँड असो, सर्कशींतला असो कीं मूकपटापुढें वाजणारा असो, पुढ्यांत ठेवलेला कागद पाहून तत्काळ वाजविणारा मनुष्य गोव्याचा असे.

येथें एक गोष्ट ध्यानीं घेण्यासारखी आहे. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची पालक संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यानें पियानो, ढोल, झांजा इत्यादि वाद्यांस देवळांत मनाई केली, आणि बँडासहि तेथें वाजविण्याची बंदी घातली. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें, तेव्हां पवित्र कार्यास योग्य ठरतील अशीं इतर वाद्यें अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास वाट मिळाली. म्हणजे ज्या पिढीविषयीं आम्ही लिहीत आहों, तिनें विद्या देवळांतून घेतली, पण सॅक्सोफोन मात्र तिला देवळाच्या दाराबाहेर ठेवावा लागला. रविवारीं सकाळीं मिस्सेला व्हायोलिन आणि शनिवारीं रात्रीं हॉटेलांत सॅक्सोफोन, अशी त्या वादकांची दुहेरी वहिवाट होती. कित्येक सोवळ्या मंडळींस ती रुचत नसे. परंतु तिच्यावरच अनेक कुटुंबांच्या चुली पेटत होत्या.

मुंबईंत जाझचा खरा डंका १९३५ सालीं वाजला. त्या वर्षीं लिऑन अ‍ॅबी ह्या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड हे आले. त्यांचें वादन ऐकून, त्यांच्या शेजारीं बसून, आमच्या लोकांनीं कागदावर लिहितां न येणारा भाग शिकून घेतला. सॅक्सोफोन व क्लॅरिनेट वाजविणारे मिकी कोरिया यांनीं १९३९ पासून सुमारें वीस वर्षें ताजमध्यें आपला वाद्यवृंद चालविला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें ट्रंपेटवर गाजले. पारशी समाजांतील कावसजी खटाव यांनीं ‘रूडी कॉटन’ हें नांव घेऊन टेनर सॅक्सोफोनवर कीर्ति मिळविली.

ह्या मंडळींचें वादन किती जपलें गेलें? फारच थोडें. त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटास ७८ फेरे घेणारी, आणि एका बाजूस सुमारें तीन मिनिटें वाजणारी. ज्या वादकानें रात्रभर वाजवावें, त्याच्या आयुष्यांतून तीन मिनिटें उचलून ठेवावीं, असा तो हिशेब होता. शिवाय नृत्यासाठीं जें विकलें जाई तेंच बहुधा मुद्रित होई. चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाच्या व वेदरफर्ड यांच्या कांहीं तबकड्या कोलंबियानें काढल्या, म्हणून त्यांचा आवाज आज ऐकतां तरी येतो. बाकीचे कित्येक केवळ नांवानें उरले, आणि कित्येकांचें नांवहि उरलें नाहीं.

पुढें मुंबई सरकारचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांचा रात्रीचा व्यवहार मंदावला आणि वादकांवर संकट ओढवलें. त्यांना आधार मिळाला तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत. आंथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड व स्वतः चिक चॉकलेट यांनीं हिंदी चित्रगीतांस वाद्यवृंदाचा साज चढविला. परंतु तबकडीवर नांव छापलें जाई तें संगीतदिग्दर्शकाचें व गायकाचें; सॅक्सोफोनचा तो मधला तुकडा कोणाचा, हें श्रोत्यांस कोणी सांगितलें नाहीं. पैसा मिळाला, पण नांव गेलें. ही हानि लहान नव्हे.

ब्राझ गोन्साल्विस हे ह्या परंपरेंतील पुढच्या पिढीचे. मुंबईंत उतरती कळा लागली असतां कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स ह्या उपाहारगृहांतून रात्रीं संगीत रंगत होतें. ब्लू फॉक्समध्यें ब्राझ यांनीं पियानोवादक लुई बँक्स व गायिका पॅम क्रेन यांच्यासह वादन केलें. जे रसिक केवळ नाचावयास न जातां ऐकावयास जात, त्यांच्या मनांत हें त्रिकूट कायमचें बसलें.

रसिकांचे कान तोंवर तयार झाले होते. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हर यांचा जाझचा कार्यक्रम लागे. १९५८ सालीं डेव्ह ब्रूबेक भारतांत येऊन गेले. त्यांच्याबरोबर सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड होते. १९६३ सालीं ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन आले. त्यांच्या टेनर सॅक्सोफोनवादकाचें नांव पॉल गोन्साल्विस! न्यूपोर्ट येथें १९५६ सालीं एकाच रचनेंत लागोपाठ २७ आवर्तनें वाजवून त्यांनीं श्रोत्यांस उभें केलें होतें. त्यांचें घराणें मूळचें आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांतील. पोर्तुगिजांनीं एकच आडनांव पृथ्वीच्या दोन टोकांस पेरलें, आणि दोन्हीं टोकांस तें सॅक्सोफोनच्या मुखांतून बोललें, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

आतां ब्राझ यांच्या सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. १९७० सालीं हिज मास्टर्स व्हॉइसनें ‘ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ ह्या वृंदाची ‘राग रॉक’ नांवाची तबकडी काढली. ती मोठी नव्हे. मिनिटास ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. परंतु तिच्या नांवांतच तिचें महत्त्व आहे. लंडन येथें कलकत्त्याचे जॉन मेयर व जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीं १९६६ सालीं भारतीय राग व जाझ यांचा संगम केला होता; अमेरिकेंत जॉन कोल्ट्रेन भारतीय संगीताकडे इतके ओढले गेले कीं १९६५ सालीं जन्मलेल्या मुलाचें नांव त्यांनीं पंडित रविशंकरांवरून रवि ठेविलें. तेव्हां ‘राग रॉक’ हा एकाकी प्रयत्न नव्हता. परंतु परदेशीयांस राग ही दूरची वस्तु होती. ब्राझ यांस ती शेजारची होती. देवळाच्या शाळेनें ज्या परंपरेच्या कानांत युरोपचे स्वर घातले, आणि हॉटेलांनीं ज्या परंपरेस अमेरिकेचा ठेका दिला, तिनें येथें प्रथमच इतक्या उघडपणें आपल्या भूमीचा सूर विचारला. नक्कल करणारा वादक कितीहि कुशल असला तरी तो पाहुणाच राहतो. ब्राझ यांनीं ह्या तबकडींत पाहुणेपण टाकून घरचा मनुष्य होण्याचा यत्न केला, आणि रसिकांनीं त्यांच्यावर जें प्रेम केलें त्याचें मूळ आमच्या मतें येथेंच आहे.

१९७८ सालीं मुंबईंत ‘जाझ यात्रा’ हें संमेलन सुरू झालें. पहिल्याच वर्षीं विख्यात सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्यांत वाजवून गेले. ह्या यात्रांच्या काळांत ब्राझ यांचें वादन नव्या श्रोत्यांपुढें आलें. लुई बँक्स यांच्याबरोबर, कर्नाटक संगीताच्या गायिका रामामणि यांच्या साथीनें, तें युरोपांतहि पोंचलें. मृदंगाच्या बोलांशीं वाढलेला कंठ आणि सॅक्सोफोन यांचा तो संवाद ‘राग रॉक’मध्यें घातलेल्या पावलाचेंच पुढचें पाऊल होतें. चिक चॉकलेट यांच्या कन्येशीं ब्राझ यांचा विवाह झाला होता. त्यामुळें ताजच्या काळाचा आणि ह्या नव्या काळाचा दुवा एका घरांतच जुळला.

इतक्या दीर्घ वादनाच्या मानानें ध्वनिमुद्रिका मोजक्याच. पण ज्या आहेत त्या टिकल्या, त्याचें श्रेय बहुतांशीं सामान्य रसिकांस आहे. कोणी ती छोटी तबकडी कापडांत गुंडाळून ठेविली, कोणी जाझ यात्रेचें कार्यक्रमपत्रक जपलें, कोणी छायाचित्रांतील वादकांचीं नांवें मुलांस सांगितलीं. नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासोबत जुन्या वादनांची तबकडीहि दिली. अशा घरगुती ठेव्यांवांचून तसा ग्रंथ लिहिला जात नाहीं.

म्हणून वाचकांस एक विनंति करावीशी वाटते. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी काका, आजोबा वा मामा बँडांत वाजविणारे होऊन गेले असतील. माळ्यावर त्यांचीं स्वरलिपीचीं पुस्तकें, एखादी तबकडी, गणवेशांतील वृंदाचें एखादें छायाचित्र पडलें असेल. घर झाडतांना तें रद्दींत टाकूं नये. लाखेची तबकडी ठिसूळ असते व नंतरच्या काळांतली उन्हानें वांकते. दोन्हीं उभ्या ठेवाव्या आणि उन्हापासून दूर ठेवाव्या. छायाचित्राच्या पाठीमागें पेन्सिलीनें नांवें, गांव आणि साल लिहावें. घरांतील वृद्धांस ‘हा सूर कोणाचा?’ असें विचारून उत्तर टिपून ठेवावें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर देणारें माणूस एकदां गेलें म्हणजे कोणत्याहि नोंदवहींत तें सांपडत नाहीं.

ब्राझ गोन्साल्विस यांची तबकडी त्यांच्या नांवानिशीं उरली, हें त्यांचें व आमचें भाग्य. ज्यांचा सूर उरला पण नांव उरलें नाहीं, त्यांचें ऋण अजून आमच्यावर आहे.