धामापूर, तर्फ कोणती?

कोकणात धामापूर एकच नाही. एक आहे सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात, भगवतीच्या देवळापाशी पसरलेल्या तलावाचे. दुसरे रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यात. महसुली दप्तरात या दुसऱ्या गावाची नोंद ‘धामापूर तर्फ संगमेश्वर’ अशी होते. तर्फ म्हणजे जुन्या राज्यकारभारातला, परगण्याहून लहान असा मुलखाचा तुकडा. कारभारातून तर्फा केव्हाच गेल्या, पण गावाच्या नावाला जोडलेला तो शब्द टिकून राहिला. नाव सारखे असले तरी सातबारा वेगळा, सारा वेगळा, हद्द वेगळी. आणि ते वेगळेपण कागदावर कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

वाड्यांची गोष्ट तर याहून पुढची. देऊळवाडी, बाजारवाडी, भटवाडी ही नावे कोकणात गावोगाव सापडतात. गावात ‘देऊळवाडीत जा’ म्हटले की पुरते. तोच निरोप मुंबईहून पाठवायचा असेल, तर गावाचे नाव लावल्यावाचून त्याला अर्थ नाही.

या गोंधळावर देशभर लागू पडेल असा उपाय एका मराठी माणसाने काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि केंद्रीय संपर्क मंत्रालयातले अधिकारी. त्यांनी आखलेली सहा आकडी पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारखी गावनावे, चुकीचे पत्ते आणि निरनिराळ्या भाषांतली अक्षरे यांतून टपालाची सुटका करणे हा तिचा हेतू होता. आज मालवणचा पिन ४१६ ने सुरू होतो, संगमेश्वरचा ४१५ ने. टपाल छाटणाऱ्याला गावाचे नाव वाचण्याआधीच दिशा कळते.

संगणकांच्या जाळ्यात हाच प्रश्न पुढे दोन तपांनी उभा राहिला. तिथे ज्याने तो सोडवला, त्याचे नाव व्हर्च्युअल राउटर.

जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. इंटरनेट वाढू लागले तसे हे पत्ते पुरणार नाहीत हे स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. त्यांतला १० ने सुरू होणारा गट सर्वांत मोठा, एक कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचा. कोणीही ते आपल्या आवारात वापरावेत, फक्त बाहेरच्या इंटरनेटवर आणू नयेत, असा नियम ठरला. मग बँकेने १०.१.१.१ वापरला, शेजारच्या रुग्णालयानेही १०.१.१.१ वापरला. प्रत्येक आवाराला आपापली देऊळवाडी मिळाली. आवारे वेगळी होती तोवर कोणाचे काही अडले नाही. अडले ते दोन्ही आवारांच्या तारा एकाच यंत्रात येऊ लागल्या तेव्हा.

ते यंत्र म्हणजे स्विच. त्याचा इतिहास फार जुना नाही, आणि त्याच्या सुरुवातीला एक ओळखीचा शब्द भेटतो. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज आणि त्यांचे सहकारी लॅरी ब्लेअर यांनी अमेरिकेत एक कंपनी काढली आणि भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘कल्पना’. १९९० मध्ये या कंपनीने सात पोर्टांचा, म्हणजे तारा जोडायच्या सात जागांचा, इथरस्विच बाजारात आणला. त्याआधीच्या हबमध्ये एका संगणकाचे बोलणे साऱ्यांच्या कानावर पडे. स्विच मात्र ज्याचा निरोप त्याच्याच पोर्टावर नेऊन देऊ लागला. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली.

राउटरचे काम निराळे. स्विच एका वाडीतल्या घरांना जोडतो. राउटर एका वाडीतून दुसरीकडे जायचा रस्ता ठरवतो. त्यासाठी तो एक तक्ता बाळगतो: अमुक पत्त्यांकडे जायचे तर अमुक पोर्टातून बाहेर पडा. हाच राउटिंग टेबल. सुरुवातीला राउटर वेगळे, महागडे आणि त्या मानाने संथ यंत्र होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रस्ता ठरवण्याचे काम थेट चिपमध्ये उतरले आणि स्विचच राउटरचे काम करू लागला. असा स्विच ‘लेअर थ्री स्विच’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

एकाच स्विचवर हिशेब विभाग आणि कारखाना वेगळे ठेवायचे, तर त्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर आखलेले वेगवेगळे गट, होतेच. १९९८ च्या ८०२.१क्यू या मानकाने व्हीलॅनची खूण ठरवून दिली. त्या खुणेत ४०९४ गट मावतात. पण व्हीलॅनच्या भिंतीला एक मर्यादा आहे. दोन व्हीलॅनचे रस्ते एकाच राउटिंग टेबलमध्ये लिहिले गेले की टेबल त्यांना जोडून टाकतो. जोडणे हेच त्याचे काम. घरात भिंती घातल्या आणि सगळ्या खोल्यांची दारे एकाच माजघरात उघडली, तसे ते होते. शिवाय दोन्हीकडे १०.१.१.१ असेल तर टेबलात एकाच पत्त्यापुढे दोन दिशा लिहाव्या लागतील, आणि कोणती दिशा कोणासाठी हे टेबलाला कळणार नाही.

व्हर्च्युअल राउटरचे प्रयोजन इथे कळते. यंत्र एकच, पण त्यात राउटिंग टेबल अनेक. कोणता पोर्ट किंवा कोणता व्हीलॅन कोणत्या टेबलाकडे पाहणार हे आधी ठरवून द्यायचे. बँकेच्या पोर्टातून आलेले माहितीचे पाकीट फक्त बँकेच्या टेबलात रस्ता शोधते. रुग्णालयाचे टेबल त्याला दिसतच नाही. कोकणातल्या मोठ्या घरात भाऊ वेगळे झाले की छप्पर एक राहते, पडवी एक राहते, आणि चुली वेगळ्या होतात. कोणाच्या चुलीवर काय शिजते याचा दुसऱ्याच्या चुलीशी संबंध उरत नाही. मधले दार हवे असेल तर तेही ठेवता येते, पण ते मुद्दाम ठेवावे लागते आणि तिथे फायरवॉल बसवता येते. काही कंपन्यांच्या स्विचवर याच्या दोन पातळ्या असतात: पूर्ण व्हर्च्युअल राउटरला रस्ते शिकण्याची स्वतःची प्रक्रिया असते, आणि व्हीआरएफ नावाच्या हलक्या प्रकारात टेबल वेगळे पण प्रक्रिया सामाईक.

एका यंत्रापुरते हे सोपे आहे. देशभर पसरलेल्या जाळ्यात शेकडो ग्राहकांचे तेच ते पत्ते एकमेकांत न मिसळता कसे न्यायचे? एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी मार्च १९९९ च्या आरएफसी २५४७ मध्ये याचे उत्तर दिले. प्रत्येक ग्राहकाच्या चार बाइटच्या पत्त्याआधी आठ बाइटची एक खूण जोडायची. ‘रूट डिस्टिंग्विशर’ नावाच्या या खुणेने पत्ता बारा बाइटचा होतो, आणि दोन १०.१.१.१ यापुढे एक राहत नाहीत. धामापूरला तर्फ जोडली, तसेच हे. त्यासोबत दुसरी खूणही ठरली, ‘रूट टार्गेट’. हा रस्ता कोणाकोणाला कळवायचा ते ती सांगते. वेगळे ओळखणे आणि कळवणे ही दोन कामे लेखकांनी वेगळी ठेवली, म्हणूनच आजही जगभरची मोठी जाळी याच आराखड्यावर चालतात. २००६ मध्ये आरएफसी ४३६४ ने त्याची सुधारित आवृत्ती दिली.

‘व्हर्च्युअल राउटर’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि नव्याने शिकणारे हमखास तिथे अडखळतात. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या व्हीआरआरपी या पद्धतीत दोन किंवा अधिक खरे राउटर मिळून एकच पत्ता मिरवतात. त्यांतला मुख्य राउटर दर सेकंदाला आपण जागे असल्याची वर्दी देतो. लागोपाठ तीन वर्द्या चुकल्या की राखीव राउटर तोच पत्ता घेऊन उभा राहतो. कोकणातल्या देवळांत गुरवांच्या घराण्यांना पूजेची पाळी असते. एक घर अडले तर दुसरे उभे राहते, देवाची पूजा चुकत नाही. इथे अनेक यंत्रे एकासारखी वागतात. स्विचवरच्या व्हर्च्युअल राउटरमध्ये एक यंत्र अनेकांसारखे वागते. शब्द एक, कामे उलटी.

महाराष्ट्रात एका जाळ्यात अनेकांच्या वाटा वेगळ्या ठेवण्याची ही कल्पना सामान्य माणसाच्या आयुष्यात शिरली ती त्याला न कळता. सप्टेंबर २००० मध्ये रेल्वेने रेलटेल ही कंपनी स्थापन केली. रुळांच्या कडेने टाकलेल्या प्रकाशतंतूवरून रेल्वेचे स्वतःचे संदेश न्यायचे आणि उरलेली क्षमता इतरांना विकायची, हा तिचा व्यवसाय. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगलने प्रवाशांसाठी मोफत वायफाय सुरू केले. फलाटावर बसून चित्रपट पाहणारा प्रवासी आणि रेल्वेचा कारभार, दोघेही त्याच कंपनीच्या जाळ्याचे ग्राहक. एकाची पाकिटे दुसऱ्याच्या आवारात कधीच पोहोचू नयेत, यावर सगळा विश्वास उभा आहे. बीएसएनएलने २००५ च्या सुमारास देशभर असेच जाळे उभारून बँका आणि सरकारी कार्यालयांना खासगी जाळ्याची सेवा देऊ केली. राज्य शासनाचे स्वतःचे जाळे मंत्रालयापासून जिल्हा आणि तालुका मुख्यालयांपर्यंत जाते. तहसील, कोषागार, पोलीस यांना प्रत्येकी वेगळी तार आणि वेगळे यंत्र देत बसले असते, तर तालुक्यापर्यंत काही पोहोचायला आणखी किती वर्षे गेली असती!

पण चुली वेगळ्या झाल्या म्हणून विहीर वेगळी होत नाही. मालवणच्या धामापुरात हे सहज दिसते. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये दोन डोंगरांमधली घळ मातीच्या बांधाने अडवून हा तलाव घडवला. पाचशे वर्षे होत आली, तो आजही भरतो. त्याचे पाणी धामापूर-काळशाच्या शेतीला मिळते आणि मालवण शहराच्या नळांनाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांत त्याचा समावेश केला. शेताची वाट वेगळी, नळाची वाट वेगळी, पण दोन्ही वाटांना पाणी मिळते ते एकाच पातळीतून. एकीकडून उपसा वाढला तर उतरते ती सर्वांचीच पातळी.

स्विचमधली पातळी म्हणजे चिपवरची स्मृती. सगळ्या व्हर्च्युअल राउटरांचे रस्ते शेवटी त्याच मोजक्या जागेत लिहिले जातात. एका ग्राहकाने हजारो रस्ते ओतले तर दुसऱ्याच्या चार रस्त्यांना जागा उरत नाही. मुख्य प्रोसेसरही एकच. म्हणून जाणता अभियंता प्रत्येक टेबलाला किती रस्ते घेता येतील याची मर्यादा आधीच घालून ठेवतो. व्हर्च्युअल राउटर वाटा वेगळ्या करतो, साठा वाढवत नाही. हे न समजता केलेली वाटणी गर्दीच्या दिवशी उघडी पडते.

एक वाटणी मात्र कोणत्याही जाळ्यात फायद्याचीच ठरते. एक्स्ट्रीम नेटवर्क्सच्या स्विचवर काही व्हर्च्युअल राउटर घडणीपासूनच वेगळे मिळतात. त्यांतले दोन असे: रोजच्या वाहतुकीसाठी ‘व्हीआर-डिफॉल्ट’ आणि देखरेखीच्या स्वतंत्र पोर्टासाठी ‘व्हीआर-एमजीएमटी’. वापरणाऱ्यांच्या जाळ्यात एखादा रस्ता चुकला, तरी अभियंत्याचा स्विचपर्यंतचा रस्ता दुसऱ्या टेबलात शाबूत राहतो आणि त्याला आत शिरून दुरुस्ती करता येते. घराचे पुढचे दार अडले तरी मागीलदार उघडे असावे, तशी ही सोय.

या सोयीचा पहिला धडा बहुतेकांना एकाच पद्धतीने मिळतो. नवा अभियंता स्विचवर बसून देखरेखीच्या जाळ्यातल्या एका सर्व्हरला पिंग करतो. उत्तर येत नाही. तार तपासतो, ती ठीक आहे. सर्व्हर चालू आहे, पत्ताही बरोबर आहे. अर्धा तास जातो. मग शेजारचा जुना सहकारी पडद्याकडे पाहतो आणि आज्ञेत व्हर्च्युअल राउटरचे नाव लिहायला सांगतो. पत्ता तोच, तार तीच, फक्त पत्त्याआधी आता ‘व्हीआर-एमजीएमटी’ची तर्फ लागलेली असते. पुढच्याच क्षणी पडद्यावर उत्तरांच्या ओळी उमटू लागतात.