व्हेनिसने नाकारलेला पूल

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात, सॉल्झबरीजवळ, विल्टन हाऊस नावाचा वाडा आहे. तिथे आधी मठ होता. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा ही जागा विल्यम हर्बर्टच्या पदरात पडली, आणि आजही त्याच घराण्याकडे आहे. वाड्याच्या दक्षिणेला नॅडर ही छोटी नदी वाहते. तिच्यावरच्या पुलाला छप्पर आहे, छपराखाली आयोनिक खांबांच्या रांगा आहेत आणि दोन्ही टोकांना देवडीसारखे कमानदार मंडप. पलीकडे ना गाव ना बाजार, नुसती हिरवळ आणि झाडे. वाटसरूंची सोय म्हणून हा पूल बांधलेलाच नव्हता. तो आला कुठून?

त्याचे मूळ व्हेनिसला सापडते. इटालियन वास्तुकार आंद्रेआ पाल्लादियो (१५०८–१५८०) याने १५७० साली वास्तुकलेवरचे आपले चार भागांचे पुस्तक छापले. तिसऱ्या भागात त्याने एका दगडी पुलाचा आराखडा दिला आहे: तीन कमानी, वर तीन रस्ते, त्यांच्या कडेने दुकानांच्या रांगा, मध्यभागी आणि टोकांना खांबांचे सज्जे. शहराचे नाव तो सांगत नाही. इटलीतल्या एका थोर नगरीसाठी, एवढेच म्हणतो. पण हा पूल व्हेनिसमधल्या मोठ्या कालव्यावरच्या रिआल्तो या जागेसाठी होता हे जाणकारांनी केव्हाच ओळखले. व्हेनिसने तो घेतला नाही. पाल्लादियोच्या मृत्यूनंतर, १५८८ ते १५९१ या काळात, आन्तोनिओ दा पोन्तेने तिथे एकाच मोठ्या कमानीचा पूल उभारला. कालव्यात खांब रोवायचे नव्हते, नावांना वाट मोकळी हवी होती, त्या दृष्टीने निवड योग्यच झाली. पाल्लादियोचा आराखडा मात्र पुस्तकात राहिला, आणि म्हणूनच टिकला.

पुस्तक इंग्लंडला पोचले. इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्सने आपल्या प्रतीच्या समासात टिपणे केली. विल्टनच्या वाड्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उमरावांना पाल्लादियोचे वेडच लागले. विल्टनचा मालक, पेम्ब्रोकचा नववा अर्ल हेन्री हर्बर्ट, स्वतः आराखडे काढणारा माणूस होता. १७३६-३७ मध्ये त्याने वास्तुकार रॉजर मॉरिसच्या साथीने हा पूल बांधला. त्याने पाल्लादियोची नक्कल केली नाही. दुकाने गेली, रस्ते गेले, खांब राहिले. भर बाजारासाठी काढलेल्या आराखड्यातून त्याने निवांत बसण्याची जागा निर्माण केली. माझ्या मते हा फेरफारच खरा शोध आहे, कारण पुढच्या पुलांनी व्हेनिसचा नव्हे, विल्टनचा कित्ता गिरवला.

दोनच वर्षांत बकिंगहॅमशरमधल्या स्टो इथे लॉर्ड कोबमच्या बागेत तसाच पूल उभा राहिला. विल्टनला पायऱ्या चढून पुलावर जावे लागते. स्टोला पाहुण्यांच्या घोडागाड्या पुलावरूनच बागेला फेरी मारणार होत्या, म्हणून पायऱ्यांच्या जागी सौम्य उतार आला आणि सगळी बांधणी किंचित बुटकी झाली.

तिसरा पूल बाथजवळच्या प्रायर पार्कमध्ये आहे, १७५५ सालचा. हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याचा मालक जन्माने उमराव नव्हता. राल्फ ॲलनने टपालाची व्यवस्था सुधारून पैसा मिळवला, मग कूम डाउनच्या दगडखाणी घेतल्या, आणि दगड एव्हन नदीपर्यंत उतरवायला लाकडी रुळांचा मार्ग टाकला. बाथच्या पिवळसर दगडी घरांमागे त्याच्या खाणी आहेत. टेकडीवरचा त्याचा वाडा म्हणजे त्या दगडाची उघड जाहिरात होती. खालच्या तळ्यांच्या काठावरचा पूल त्याचा बांधकाम-कारभारी रिचर्ड जोन्स याने उभारला. तिथे फिरायला आलेल्या माणसांनी अठराव्या शतकापासून खांबांवर आपली नावे कोरली आहेत.

चौथा थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गजवळच्या त्सार्स्कोये सेलोमध्ये. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनसाठी वास्तुकार वासिली नेयेलोवने तो १७७० च्या दशकात उरल पर्वतातल्या संगमरवरात घडवला. इंग्लंडमधल्या हॅगलीलाही असा पूल होता, तो टिकला नाही.

इंग्लंडमधले तिन्ही पूल आज पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तू आहेत. मालक कोणीही असो, परवानगीवाचून त्यांत बदल करता येत नाही. स्टो आणि प्रायर पार्कच्या बागा नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांभाळते. पण अशा पुलाचे रक्षण दगडापाशी संपत नाही. पाणी आटले, तर त्या कमानी कशावर उभ्या आहेत हेच कळेनासे होईल. प्रायर पार्कमध्ये अलीकडे तळी अडवणारे अठराव्या शतकातले बांध गळू लागले, तेव्हा तळी रिकामी करून त्या बांधांची दुरुस्ती हाती घ्यावी लागली.